तात्यांचा संशय

आमचे तात्या, म्हणजे आजोबा, मुंबईच्या फोर्टातल्या एका शेअरदलालाच्या पेढीवर हिशेबनीस होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेअरची खाती लिहिली, स्वतः एकही घेतला नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की चेअरमनचं भाषण सोडून ते आधी ताळेबंदाखालच्या बारीक टिपा वाचत. "पुढच्या पानांवर स्वप्नं, मागच्या पानांवर उधारी," म्हणत.

हा संशय त्यांच्या आजोबांकडून आलेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र होता तिथेच होता. एप्रिल 1865 मध्ये यादवीतल्या दक्षिणेचा जनरल ली शरण आला, कापूस कोसळला आणि 1 जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली तेव्हा घेणेकरी सगळे, देणारा कोणी नाही. सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याकडे बोट दाखवून तात्या म्हणत, "तेजीतलं एवढंच शिल्लक राहिलं."

पुढे वाचताना लक्षात आलं, या गोष्टीतून एक पात्र गळलं होतं: बँक ऑफ बॉम्बे. सरकार तिचं भागधारक, संचालकांत सरकारी माणसं. शेअरच्या तारणावर भरमसाट कर्जं हीच बँक देत होती. 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली.

गाळण्यामागे लबाडी नव्हती. सरकारी शिक्का दिसला की तात्यांचा संशय झोपायचा, इतकंच. एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशेच्या आसपासचा शेअर 1992 पर्यंत नऊ हजारांकडे धावला. तसा कारखाना आज नव्याने उभारायला किती लागेल ते बघा, मग हा भाव महाग वाटणार नाही, असं तेजीवाले शेअरदलाल हर्षद मेहता सांगत. तात्या हसले: "कारखाना कोण विकतोय? सिमेंट विकून किती मिळतात ते सांगा." मात्र 23 एप्रिल 1992 ला पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीत स्टेट बँकेच्या पैशांचा घोळ बाहेर आला, तेव्हा ते दिवसभर गप्प. शेअरदलाल लबाड निघाला याचं त्यांना नवल नव्हतं. बँक सरकारी होती.

त्यांच्या पिढीचा खरा विसावा म्हणजे यूएस-64, सरकारी शिक्क्याच्या युनिट ट्रस्टची 1964 पासूनची योजना. निवृत्त मास्तर, विधवा, कारकून यांना ती पोस्टाच्या बचतीइतकीच निर्धोक वाटे. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा पैसा शेअरबाजारातच होता, आणि युनिटचा भाव मालमत्तेच्या बाजारमूल्यावर नव्हे, ट्रस्टच्या मर्जीवर ठरत होता. मागच्या पानांवरच्या टिपा वाचणाऱ्यांनी इथे पानच उलटलं नाही. जुलै 2001 मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली गेली. तात्या त्याआधीच गेले होते.

आत्या अजूनही म्हणते, "शेवटी सरकारने बुडू दिलं नाही ना?" खरंच आहे. 2003 मध्ये युनिटधारकांना पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले. हमी सरकारी तिजोरीची होती, आणि त्या तिजोरीत ज्यांनी आयुष्यात एक युनिट घेतलं नाही त्यांचाही कर होता.