लायडनच्या बाटलीपासून अरेनाच्या बॅटरीपर्यंत

मंडळी, आपल्या लहानपणी घरात 'बॅटरी' म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा तो टॉर्च. दिवे गेले की आजी म्हणायची, "अरे, फडताळातली बॅटरी आण बघू." गाडीची बॅटरी हे प्रकरण आयुष्यात फार नंतर आलं. इथे नेदरलँड्समध्ये आल्यावर आणखी एक घोळ झाला. रिमोटमध्ये घालायच्या सेलला डच लोक 'बातेरै' म्हणतात आणि गाडीच्या बॅटरीला 'आक्यू'. दुकानात जाऊन चुकीचा शब्द वापरला, की दुकानदार घड्याळाचे सेल पुढे करतो!

गंमत म्हणजे बॅटरीच्या इतिहासाचं पहिलं पान आपल्या शेजारीच लिहिलं गेलं. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टहून तासाभरात पोचता येईल अशा लायडनमध्ये. पीटर फान मुशेनब्रुक नावाचे प्राध्यापक तिथे पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत वीज साठवण्याचे प्रयोग करत होते. त्यांना असा काही झटका बसला, की १७४६ च्या जानेवारीत त्यांनी पॅरिसला पत्र लिहून त्या भयंकर प्रयोगापासून लांब राहण्याचा सल्ला दिला. जर्मन भाषिक प्रदेशातल्या क्लाइस्ट नावाच्या गृहस्थांनी असाच शोध १७४५ मध्ये स्वतंत्रपणे लावला होता, पण नाव चिकटलं ते 'लायडन जार' हेच. पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशी साधनं एकापुढे एक जोडली आणि तोफांच्या रांगेवरून त्या जोडणीला 'बॅटरी' म्हटलं. म्हणजे हा शब्द मुळात तोफखान्याचा! हारलेमच्या टेलर्स म्युझियममध्ये १७८४ सालचं प्रचंड विद्युतयंत्र आजही बघायला मिळतं. ते अ‍ॅमस्टरडॅममध्येच तयार झालं. पोरांना एखाद्या रविवारी जरूर दाखवा.

पण लायडन जारमधली वीज म्हणजे एका क्षणाचा कारभार. कडकट्ट झालं की संपली. सतत वाहणारी वीज दिली ती इटलीच्या व्होल्टा यांनी, १८०० साली. आणि संपल्यावर पुन्हा भरता येणारी बॅटरी दिली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी, १८५९ साली. शिशाचे पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल, बस्स. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली आणि तिची ताकद वाढली, कारखान्यात बनवणंही सोपं झालं. आज तुमच्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली जी चौकोनी पेटी आहे, तिच्या पोटातलं रसायनशास्त्र हेच. प्रत्येकी साधारण दोन व्होल्टच्या सहा घरांचे बारा व्होल्ट. खापरपणजोबांच्या काळातली वस्तू इतकी कमी बदलून आजही रोज वापरात आहे, अशी उदाहरणं फार नाहीत.

सुरुवातीला ही बॅटरीच गाडी चालवायची. १८९९ मध्ये ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा प्रथम ओलांडणारी मोटार विजेवर धावत होती. पेट्रोल गाडीला पुढून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि ट्रकना हँडल मारणारे क्लीनर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल गेलं. गंमत बघा, बॅटरीने पेट्रोल गाडीची सर्वात मोठी अडचण दूर केली आणि त्यामुळेच बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मागे पडल्या. मालकीण घरातली मोलकरीण झाली म्हणा ना!

अ‍ॅमस्टरडॅमने मधे एकदा तिला मालकीणपद परत देऊन बघितलं. १९६५ मध्ये पांढऱ्या सायकलींची कल्पना मांडणारे लूड स्किमेलपेनिंक यांनी १९७४ मध्ये शहरात 'विटकार' आणली. छोटी, पांढरी, विजेवर चालणारी भाड्याची गाडी. एका थांब्यावरून घ्यायची, दुसऱ्या थांब्यावर लावायची, तिथे ती चार्ज होणार. थांबे पुरेसे उभे राहिले नाहीत आणि १९८६ मध्ये प्रयोग आटोपला. काळाच्या पुढे असणाऱ्यांचं बहुधा असंच होतं.

आता आमच्या झुइडओस्टकडे येऊ. बाइल्मरमेरमध्ये पहिले रहिवासी १९६८ मध्ये आले. आराखडा करणाऱ्यांचं स्वप्न असं, की गाड्या उंच रस्त्यांवरून जातील, मोठमोठ्या गॅरेजमध्ये उभ्या राहतील आणि खाली हिरवळीवर फक्त माणसं असतील. कागदावर सुरेख! प्रत्यक्षात गॅरेज अंधारी आणि ओसाड पडली. पुढे त्यातली बरीच पाडली गेली, तशा मधमाशांच्या पोळ्यासारख्या त्या अवाढव्य इमारतीही. मी इथे राहायला आले तेव्हा जुने शेजारी या सगळ्याच्या आठवणी सांगायचे.

शहरातल्या गाडीचा आजार मात्र तेव्हाचा आणि आताचा एकच. गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते. ऑफिसला मेट्रो, बाजाराला सायकल, गाडी फक्त शनिवारी. आणि आपल्या मंडळींची खास सवय म्हणजे डिसेंबरात पाच आठवडे भारतात! मग दर जानेवारीत कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "ताई, तुमच्याकडे जंपर केबल आहे का हो?"

याचा हिशोब अगदी सोपा आहे. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, कुलपाचा रिसीव्हर थोडी वीज खात असतात. समजा ४० मिलिअँपियर. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपियर-तास. पस्तीस दिवसांत साधारण ३४. तुमची बॅटरी ६० ची असेल तर निम्म्याहून जास्त खलास, आणि बाहेर कडाक्याची थंडी. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनाला मात्र जास्त ताकद लागते. शिवाय शिशाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर कडक क्षार धरतात आणि तिचं आयुष्य कायमचं घटतं.

पण खरा शत्रू थंडी नव्हे, उष्णता. गरमीत आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, जाळ्या गंजतात, पाणी उडतं. म्हणून इथे चार ते सहा वर्षं टिकणारी बॅटरी नागपूरच्या उन्हात तीन-चार वर्षांत मान टाकते. थोडक्यात, उन्हाळा मारतो आणि हिवाळा पंचनामा करतो.

बदलायची वेळ आली तर काय बघायचं? आधी ती खरोखर गेली आहे का ते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या जवळ असेल तर जवळजवळ रिकामी. आधी पूर्ण चार्ज करून तपासून घ्या, आणि अल्टरनेटर तिला नीट भरतो की नाही हेही पाहा. नाहीतर नवी बॅटरीही महिन्यात बसेल. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी जातीचीच लागते, तिथे स्वस्तातली साधी बसवू नये. आकार, टर्मिनलची बाजू, अँपियर-तास आणि थंडीतला स्टार्टिंग करंट हे मूळ बॅटरीशी जुळवा. ब्रँडच्या नावाइतकीच बनवल्याची तारीख महत्त्वाची, कारण फडताळावर पडून पडून बॅटरी म्हातारी होते. ज्या दुकानात माल भराभर खपतो तिथून घ्यावी. आणि भारतात जाणार असाल तर दोन-तीनशे युरोचा भुर्दंड टाळायला एक छोटा मेंटेनर चार्जर पुरतो. विजेचा पॉइंट जवळ नसेल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा.

आता जुन्या बॅटरीचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे नवी देणारा दुकानदार जुनी परत घेतो आणि तिच्यातलं शिसं जवळजवळ सगळं पुन्हा वापरात येतं. आपल्याकडे मात्र गाडीची, इन्व्हर्टरची बॅटरी पुष्कळदा भंगारवाल्याकडे जाते आणि कुठल्यातरी वस्तीमागच्या उघड्या भट्टीत फोडून वितळवली जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि गरीब देशांत त्याचं एक मोठं कारण म्हणजे बॅटऱ्यांची अशी मोडतोड. शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. भारतात २००१ पासून याबाबत नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले. पण भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देतो आणि आपण खूश होतो. तिकडे आईवडिलांचा इन्व्हर्टर बदलताना एवढं सांगा, की जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्यालाच द्या आणि पावती घ्या.

शेवटी आमच्याच भागातली एक गोष्ट. १९९६ मध्ये उघडलेलं अरेना स्टेडियम झुइडओस्टमध्येच आहे. तिथे २०१८ मध्ये तीन मेगावॅटची साठवण व्यवस्था बसवली गेली, १४८ निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांएवढी. त्यातल्या काही नव्या, काही गाडीत वापरून झालेल्या. लिथियम बॅटरीची ताकद सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली की गाडीला लांबचा पल्ला जमत नाही, पण छतावरच्या सौर पॅनलची वीज साठवून सामन्याच्या रात्री दिवे लावायला ती पुष्कळ झाली. जुनी विजेवरची गाडी घ्यायला घाबरणाऱ्या मित्रांना मी हेच सांगते, की बॅटरी एका रात्रीत मरत नाही, हळूहळू थकते. किती थकली आहे याचा अहवाल मागा आणि मग भाव करा.

झुइडओस्टला हा विचार नवा नाही. पाडायला निघालेली क्लाइबुर्ख ही चारशे मीटर लांबीची इमारत लोकांनी आतून आपापली सजवून वाचवली आणि २०१७ मध्ये तिला युरोपातला मानाचा मीस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं रिकामी करताना टाकायचं काय, ठेवायचं काय आणि कोणाच्या हाती सोपवायचं काय, हे तीनही प्रश्न विचारावेत, एवढंच सांगणं. शुभ दीपावली! आणि हो, फराळाला बसण्यापूर्वी गाडी एकदा सुरू करून बघा.