गंगापूर रोडवरचा खड्डा नेमका कोणाचा?

रस्त्यात खड्डा पडला, तर बुजवायचा कोणी? आपण पटकन म्हणतो, ‘महापालिकेनं!’ पण गंगापूर रोडवरून आतल्या एखाद्या कॉलनीत वळलात, तर हे उत्तर चुकू शकतं.

जरा मागे जाऊ. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी तिथे ठरली. म्हणजे रस्त्याला दर्जा मिळाला आणि दर्जावरून त्याचा पालक ठरू लागला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावाकडचे बरेच रस्ते त्यांच्याकडे गेले. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महापालिका झाली, आसपासची गावं शहरात आली. शेतं एनए झाली, लेआउट पडले, आतले रस्ते बिल्डरनं केले.

गोची इथेच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. पण जो सार्वजनिक नाही, तो खाजगी. तो नीट करून घ्यायची नोटीस आयुक्त लगतच्या मालकांना देऊ शकतात, खर्च मालकांचा. रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर झाला, की मग भार महापालिकेवर.

तोवर काय? बिल्डर म्हणतो, मी फ्लॅट विकून मोकळा. सोसायटी म्हणते, आम्ही टॅक्स भरतो. महापालिका म्हणते, रस्ता ताब्यात आलेला नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: ज्या मॉड्यूलला ओनर नाही, ते बिघडलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि हा नुसता कागदाचा घोळ नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. पण भरपाई मागायची, तर पहिला प्रश्न तोच येतो: रस्ता कोणाच्या ताब्यात?

म्हणून फ्लॅट बघायला गेलात, तर पार्किंगइतकंच हेही विचारा: समोरचा रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालाय का? तोंडी उत्तरावर जाऊ नका, कागद मागा. नाहीच मिळाला, तर माहिती अधिकारात महापालिकेकडे अर्ज टाका. फी फक्त १० रुपये. कोणी पडायच्या आधी उत्तर हातात असलेलं बरं.