मेढ, टेकू आणि प्रॉप

उभ्या आधारासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खांब आहे, टेकू आहे, धिरा आहे, मेढ आहे. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब रोवतात ती मुहूर्तमेढ. आणि त्यावरूनच एखाद्या संस्थेची ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे आपण म्हणतो. असे असूनही चंद्रपूर जिल्ह्यातील भूमिगत कोळसा खाणींत ‘प्रॉप’ आणि ‘पिलर’ हे दोन इंग्रजी शब्दच रुळले. हे शब्द तेथे कसे आले, का टिकले आणि ते ज्या वस्तूंची नावे आहेत त्यांचे काय झाले, हे या लेखात पाहू.

‘प्रॉप’चा अर्थ टेकू. द्राक्षवेलीला दिलेल्या आधारासाठी डच भाषेत असलेल्या जुन्या शब्दापासून तो इंग्रजीत आला असे मानतात. (नाटकवाले ज्याला ‘प्रॉप्स’ म्हणतात तो शब्द निराळा, तो ‘प्रॉपर्टी’चे लघुरूप आहे.) चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, नियमित कोळसा खाणकाम सुरू झाले ते १८७०च्या दशकात, वरोऱ्याला. ही खाण सरकारी होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा काढण्यात आला. १९०६ मध्ये ती बंद झाली. तोपर्यंत बल्लारपूरची खाण सुरू झालेली होती. खाणीची रचना, यंत्रे आणि नियम ब्रिटिश पद्धतीचे होते. कामगार मात्र मराठी, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारे. अशा ठिकाणी वस्तूबरोबर तिचे नावही येते आणि सर्वांना सारखेच परके असल्याने सर्वांचे होते.

पण याला आणखी एक कारण आहे, आणि ते विज्ञानाचे आहे. ‘पिलर’ आणि ‘प्रॉप’ या दोहोंना मराठीत ‘खांब’ म्हणता येईल. खाणीत मात्र या दोहोंची गल्लत करून चालत नाही.

येथील भूमिगत खाणींत कोळशाच्या थरात एकमेकांना छेदणारे बोगदे खणतात. त्यांच्यामध्ये कोळशाचेच मोठे चौकोनी ठोकळे शिल्लक ठेवतात. हे पिलर. वरच्या सगळ्या खडकाचा भार ते पेलतात. हा भार किती असतो? खडकाची घनता घनमीटरला सुमारे २.५ टन धरली, तर १०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर २५० टन. कोणताही लाकडी वासा एवढा भार पेलू शकणार नाही, आणि प्रॉपचे ते कामही नव्हे.

मग प्रॉप काय पेलतो? बोगदा खणला की त्याच्या छताचे अगदी खालचे थर सैल होतात. समजा, एक मीटर जाडीचा थर सुटला आहे आणि प्रॉप एकमेकांपासून १.२ मीटर अंतरावर उभे केले आहेत. प्रत्येक प्रॉपच्या वाट्याला १.४४ चौरस मीटर छत येते आणि भार येतो ३.६ टन. एवढा भार चांगल्या लाकडाचा वासा सहज घेतो. थोडक्यात, पिलर डोंगर पेलतो आणि प्रॉप सुटलेला दगड. माणसाच्या डोक्यावर पडतो तो हा सुटलेला दगडच. भारतातील भूमिगत कोळसा खाणींत जे अपघाती मृत्यू झाले, त्यांचे एक प्रमुख कारण दीर्घकाळ छत कोसळणे हेच राहिले. म्हणूनच १९५७च्या कोळसा खाण विनियमांनी छताला ठराविक अंतरावर पद्धतशीर आधार देणे बंधनकारक केले. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

हे लाकूड जंगलातून येई. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे सागवानासाठी प्रसिद्ध आहेत. आलापल्लीचे सागवान आणि बल्लारपूरचे लाकूड आगार यांची नावे दूरवर ठाऊक आहेत. खाणीच्या कामाला मात्र जाड, मौल्यवान ओंडके लागत नाहीत. सरळ वाढलेले, मध्यम जाडीचे, न चिरलेले गोल लाकूड पुरते. ऐन, धावडा, लेंडिया यांसारखी येथील कठीण लाकडे त्याला योग्य. तोच वासा गावात राहिला असता तर घराचा डांब किंवा मांडवाची मेढ झाला असता. खाणीत उतरला की त्याचा प्रॉप झाला. झाडाची जात पुसली गेली, उरले ते काम आणि माप.

प्रॉप आणि छत यांच्यामध्ये लाकडाचा एक चपटा तुकडा ठोकून घट्ट बसवतात. त्याला ‘लिड’ म्हणतात. छत किंचित खाली सरकले की आधी हा तुकडा दबतो, मग प्रॉपची टोके चेपतात, तंतू तुटू लागतात आणि त्यांचा कडकड आवाज होतो. लाकूड एकदम हार मानत नाही. तुटण्यापूर्वी आवाज करून सांगते. शेवटच्या टप्प्यात पिलरचाही कोळसा काढून घेतात आणि मागची पोकळी कोसळू देतात. त्या वेळी बाहेर पडायची वेळ झाल्याचे अनुभवी कामगाराला या आवाजावरूनही कळे.

जंगलावरील ताण, १९८०चा वनसंवर्धन कायदा आणि लाकडाचा ओलाव्याने कुजण्याचा गुणधर्म, अशा कारणांनी पुढे पर्याय शोधावे लागले. पोलादी प्रॉप आले. पोलाद बळकट खरे, पण ते लाकडासारखे दबत नाही आणि बोलतही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या द्रवचलित प्रॉपने यातील पहिली उणीव भरून काढली. ठराविक भारापलीकडे त्यातील झडप उघडते आणि प्रॉप भार न सोडता हळूहळू आखूड होतो. लाकूड जे आपोआप करीत होते, ते आता यंत्राकडून करवून घ्यावे लागले.

त्यानंतर छतात भोक पाडून बसविलेले पोलादी बोल्ट आले. प्रॉप छताला खालून रेटा देतो, तर बोल्ट सुटू पाहणारे थर एकत्र शिवून त्यांचीच एक तुळई बनवतो. वाट मोकळी राहते आणि लाकूड वाचते. पण बोल्ट दगडाच्या आत लपलेला असतो. म्हणून छत किती मिलिमीटर सरकले ते दाखविणारी उपकरणे लावावी लागतात. कानाचे काम डोळ्यांकडे गेले. ते उपकरण रोज न चुकता वाचणारा माणूस मात्र लागतोच. आज या भागातील बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तेथे छतच नसल्याने प्रॉपही नाही. शब्द मात्र खाणीबाहेरही भेटतो: ‘स्लॅबचे प्रॉप अजून काढू नका,’ हे वाक्य घर बांधणाऱ्या कोणाकडूनही ऐकायला मिळेल.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर एक सोपा प्रयोग सुचवितो. खराट्याच्या सरळ काडीचे शक्यतो सारख्या जाडीचे दोन तुकडे घ्यावेत, एक २० सेंटिमीटरचा आणि दुसरा १० सेंटिमीटरचा. प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर उभा धरून वरून बोटाने हळूहळू दाबावा आणि तो वाकू लागताच काट्यावरील आकडा टिपावा. अर्ध्या लांबीचा तुकडा सुमारे चौपट भार घेतो असे आढळेल. स्विस गणिती लेऑनहार्ट ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलेला नियम तो हाच: वाकण्यास लागणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट केली तर तो १६ पट होतो. आखूड, जाड प्रॉप मात्र वाकण्याऐवजी चेपतो. त्याला हा नियम लागू पडत नाही.

प्रयोगानंतर मुलांना आपापल्या घरी उभ्या आधाराला काय काय म्हणतात ते विचारावे आणि प्रत्येक शब्दापुढे तो आधार नेमका कशाचा भार पेलतो ते लिहायला सांगावे. एखाद्याचे आजोबा खाणीत उतरलेले असतील, तर लाकूड कसे वाजत असे, हे त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे.