कूनम्मावूचा तट्ट्यांचा मठ

इ. स. १८६६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १३ तारखेस केरळातील कूनम्मावु ह्या खेड्यात चार स्त्रिया एका झोपडीत राहावयास गेल्या. झोपडीच्या भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या होत्या. चौघींपैकी एक विधवा, दुसरी तिची मुलगी, तिसरी तिची धाकटी बहीण. चौथी क्लारा नावाची बाई तेवढी परक्या घरची, आणि उपासनेची रीतही तिची निराळी. ह्या झोपडीतूनच केरळातील स्त्रियांचा पहिला कॅथलिक मठ उभा राहिला. आणि चोवीस वर्षांनी, तो नावारूपास आल्यावर, त्या विधवेलाच तो सोडून जावे लागले.

स्त्रियांचे मठ हिंदुस्थानात त्यापूर्वी नव्हतेच असे नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा भव्य मठ इ. स. १६०६ पासून होता. परंतु त्याची दारे मुख्यत्वे पोर्तुगीज व कुलीन घराण्यांतील मुलींसाठी उघडत, आणि एकदा आत गेलेली स्त्री बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडत नसे. केरळात पुरुषांची सोय आधी झाली. पालक्कल तोमा, पोरुकर तोमा व चावरा कुरियाकोस एलियास ह्या धर्मगुरूंच्या प्रयत्नाने मान्नानम येथे इ. स. १८३१ मध्ये मठाचा पाया घातला गेला. स्त्रीला मात्र व्रतस्थ राहावयाचे असेल, तर घराच्या एखाद्या कोपऱ्यावाचून दुसरी जागा नव्हती.

योगायोग असा की, त्याच १८३१ साली वैपीन बेटावरील ओच्चंतुरुत्त येथे एलिस्वाबाईंचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी कूनम्मावूच्या वाकयिल घराण्यातील वतरू ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अन्ना ही मुलगी झाली. आणि ती तान्ही असतानाच पती निवर्तले. त्या वेळी एलिस्वाबाईंचे वय अवघे वीस वर्षांचे होते. नातलगांनी पुनर्विवाहाचा आग्रह धरला. तो त्यांनी मानला नाही. पुढील दहा-बारा वर्षे प्रार्थनेत व गोरगरिबांच्या सेवेत गेली. ह्या वर्षांविषयी चरित्रकार पुष्कळ भक्तिभावाने लिहितात. पण साधी गोष्ट ही की, एका तरुण विधवेने स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेतला आणि तो घरच्यांच्या गळी उतरविला. त्या काळाच्या मानाने ही थोडी गोष्ट नव्हे.

आपला मनोदय त्यांनी लिओपोल्ड बेक्कारो ह्या इटालियन कार्मेलाईट धर्मगुरूंस सांगितला. त्यांचा मुक्काम कूनम्मावूच्या संत फिलोमेना चर्चलगतच्या मठात असे. चावराही इ. स. १८६४ पासून तेथेच राहात होते. वरापुळ्याचे आर्चबिशप बर्नार्डिन बाच्चिनेल्ली ह्यांची अनुज्ञा मिळाली, आणि कार्मेल संप्रदायाच्या तिसऱ्या श्रेणीत ह्या स्त्रियांचा समावेश झाला. प्रवेश झाला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. पुढचा मलबारचा पाऊस तट्ट्यांच्या भिंती किती अडवितात, हे कोकणातल्या माणसास सांगावयास नको. लवकरच पक्की इमारत उभी राहिली, तरी तट्ट्यांचा मठ हे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. प्रमुखपद एलिस्वाबाईंकडे आले. आता त्या मदर एलिस्वा झाल्या, आणि पोटची मुलगी त्यांच्या आज्ञेतील एक धर्मभगिनी झाली.

ह्या घराचा गावास उपयोग काय झाला? इ. स. १८६८ मध्ये मठाने मुलींची शाळा काढली, व तिला जोडून वसतिगृह सुरू केले. अक्षरओळख, धर्मशिक्षण, शिवणकाम, जपमाळा ओवणे असे शिक्षण तेथे मिळे. मुलीस घराबाहेर ठेवून शिकवावयाचे, ही कल्पनाच आईबापांना नवी होती. गावच्या चर्चच्या सावलीत, गावच्याच बायका शिकवीत आहेत, हे पाहून त्यांचा धीर चेपला. परदेशी संन्यासिनींना हे इतक्या सहजतेने साधले असते की नाही, ह्याची शंकाच आहे.

मठाची खरी कसोटी बाहेरून आली. केरळातील कॅथलिकांत दोन उपासनापद्धती होत्या: किनाऱ्याकडील पुष्कळ लोक लॅटिन पद्धतीचे, आणि संत थोमाची परंपरा सांगणारे सुरियानी पद्धतीचे. कूनम्मावूच्या मठात दोहोंच्या मुली एकत्र नांदत. एलिस्वा, अन्ना व धाकटी बहीण त्रेसिया ह्या लॅटिन, क्लारा सुरियानी. सुरियानी समाजाची स्वतंत्र धर्मशासनाची मागणी जुनी होती आणि न्याय्यही होती. पोप लिओ तेरावे ह्यांनी इ. स. १८८७ मध्ये ती अंशतः मान्य करून त्रिचूर व कोट्टयम हे दोन स्वतंत्र विभाग निर्माण केले. समाजाचे झाले, मग घरांचे काय? चावरा इ. स. १८७१ मध्ये कूनम्मावु येथेच वारले होते व तेथेच त्यांना पुरले होते. त्यांच्या अस्थी इ. स. १८८९ मध्ये मान्नानमला हलविण्यात आल्या. पुढच्या वर्षी जिवंत माणसांची पाळी आली. मठ सुरियानी भगिनींकडे गेला, आणि १७ सप्टेंबर १८९० रोजी मदर एलिस्वा मुलीला व बहिणीला घेऊन बाहेर पडल्या. वय एकोणसाठीच्या घरात होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वरापुळा येथे त्यांचा नवा संसार सुरू झाला.

त्या दिवसांत कूनम्मावूच्या वसतिगृहात रोझा एलुवत्तिंगल नावाची मुलगी होती. ती सुरियानी होती, म्हणून तेथेच राहिली. हीच पुढची संत युफ्रेशिया. तिला व चावरांना इ. स. २०१४ मध्ये एकाच दिवशी संतपद मिळाले.

एका झोपडीचे असे दोन संघ झाले, आणि दोहोंचा विस्तार मोठा आहे. सुरियानी संघ चावरांस आपले संस्थापक मानतो व बेक्कारोंस सहसंस्थापक. लॅटिन संघ संस्थापक म्हणून मदर एलिस्वांचेच नाव घेतो. कागदपत्रे दोन्ही पक्षांकडे आहेत, आणि वाद अभ्यासकांत चालू असतो. परंतु अनुज्ञेचा कागद आर्चबिशपांचा असला, तरी त्या कागदाची गरज प्रथम कोणाला भासली, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही. मदर एलिस्वा १८ जुलै १९१३ रोजी वरापुळा येथे वारल्या. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी वल्लारपाडम येथे त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आले.