देशाचं नाव कसं ठरलं? लेकरांना सांगू या



रुपयाचं नाणं लेकराच्या हातावर ठेवलं की त्यावर 'भारत' आणि 'इंडिया' अशी दोन्ही नावं दिसतात. मग लेकरू विचारतं, "देश एक, मग नावं दोन कशी?" आपण बहुतेक वेळा म्हणतो, "पूर्वीपासूनच आहेत." हे उत्तर अर्धंच आहे. नावं जुनी आहेत हे खरं. सम्राट अशोकाच्या शिलालेखात या भूमीला जंबुद्वीप म्हटलं आहे. सिंधू नदीच्या नावावरून परदेशी लोकांच्या तोंडी 'इंडिया' आलं. पण स्वतंत्र देशाचं नाव काय असावं, हे घटना समितीत चर्चेने आणि मतदानाने ठरलं.

मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात पहिल्या कलमात फक्त 'इंडिया' हे नाव होतं. अनेक सभासदांना 'भारत' हवं होतं. म्हणून १७ सप्टेंबर १९४९ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुधारलेलं कलम मांडलं : 'इंडिया, अर्थात भारत'. ही तारीख आपल्या लेकरांना चटकन लक्षात राहील. बरोबर एक वर्ष आधी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाने शरणागती पत्करली आणि आपला मराठवाडा मुक्त झाला. दरवर्षी त्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं, तेव्हा ही दुसरी गोष्टही सांगावी.

मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णू कामत यांना मात्र 'भारत' आधी आणि 'इंडिया' नंतर हवं होतं. त्यांनी आयर्लंडच्या घटनेचा दाखला दिला. सेठ गोविंददास, कमलापती त्रिपाठी वगैरे मंडळीही भारत नावाच्या बाजूने बोलली. १८ सप्टेंबरला कामतांच्या दुरुस्तीवर हात वर करून मतं मोजली गेली. बाजूने ३८, विरुद्ध ५१. दुरुस्ती पडली आणि बाबासाहेबांनी मांडलेलं कलम मंजूर झालं.

लेकरांना सांगायची खरी गोष्ट इथेच आहे. तेरा मतांनी हरलेल्यांनी कोणाचं घर जाळलं नाही, सभा सोडली नाही. त्यांनी निकाल मानला. पुढे घटनेवर त्यांच्याही सह्या झाल्या.

निकाल न मानण्याची किंमत काय असते, हे आपल्या नांदेड जिल्ह्याइतकं कोणाला ठाऊक आहे? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव रीतसर मंजूर केला. पण तो मानला गेला नाही. गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांचा जीव गेला. १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठराव कागदावर होता, पण तो मानण्याची सवय समाजाच्या अंगी नव्हती.

ही सवय लहानपणीच लावावी लागते. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना एक काम द्यावं : आपल्या पुस्तकांच्या कपाटाला नाव ठेवा. प्रत्येकाने नाव सुचवावं, ते का ते सांगावं, मग हात वर करून मतं मोजावीत. ज्याचं नाव पडलं, त्याच्याच हातून निवडलेल्या नावाची पाटी लावून घ्यावी.

जयभीम! नमो बुद्धाय!