आधी गवत, मग झाड

हिवर म्हणजे आपल्या कोरड्या माळावरचं जुनं काटेरी झाड. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारच्या नावातच ते आहे. पण १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाभोवतीचे डोंगर बोडके होत गेले. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, तोही उघड्या उतारावरून माती घेऊन पळायचा. माणसं कामासाठी गाव सोडू लागली.

१९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढं सामाजिक वनीकरण खात्याची मदत आणि गावाचं श्रमदान यांतून ७० हेक्टर उजाड वनजमिनीवर काम झालं, डोंगरांभोवती सुमारे ४०,००० चर खोदले गेले. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. चरांचं कौतुक सगळे करतात, फोटोही त्यांचेच निघतात. मला मोठी वाटते ती चराईबंदी.

पवन्या, मारवेल, कुसळी ही आपली गवतं डोंगरावरून सहजासहजी जात नाहीत. मुळं आणि बी मातीत टिकून असतं. पण फुलोऱ्याआधीच शेळीनं शेंडा खाल्ला, तर बी पडणार कुठून? मोकळं चरणं थांबलं, चरात ओल राहिली, बी पिकून गळालं. मग विळ्यानं कापून गवत घरी न्यायचं. चारा वाढला तसं दूधही वाढलं. १९९० च्या दशकाच्या मध्यात गावाचं दूध रोज १५० लिटर होतं, ते पुढं ४,००० लिटरपर्यंत गेलं.

पण बाई, चार शेळ्यांवर जिचं घर चालतं तिला बंदी म्हणजे काय, तेही बोलू. शेळी रानात जाईना, की भारा येतो आपल्याच डोक्यावर. म्हणून आपल्या गावात बंदी करायची, तर गवत कापण्याचा पहिला मान भूमिहीन बाईला, हे ग्रामसभेत आधी लिहून घ्या.

आणि रोपं घेताना बघून घ्या. निलगिरी लवकर वाढते, पण तिचा पाला जनावर खात नाही. गाजरगवत तर परदेशातून आलं, १९५० च्या दशकात पुण्याकडं दिसलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. ते काही कुणी लावलं नव्हतं.

पावसाळा सरला की डोंगरावरच्या गवताचं बी पिकतं. ते पिशवीत गोळा करून कोरडं ठेवा, पहिल्या पावसाच्या तोंडावर चराच्या भरावावर टाका. मारवेल ठोंबानं लागतं. आमच्या गटाच्या बांधावर भरपूर आहे, येताना पोतं आणा.