‘सर्वभूमी’ आणि ‘भरवसा’ : चिखलवाटेवरील एका वाहनाचा इतिहास

वस्तूला नाव देणे म्हणजे पुष्कळदा तिच्यासंबंधी एक दावा करणे असते. इंग्रजीत ‘ऑल टेरेन व्हेइकल’ आणि संक्षेपाने ‘एटीव्ही’ असे ज्या वाहनास म्हणतात, त्याचे मराठी रूप ‘सर्वभूमी-वाहन’ असे करता येईल. ह्या नावातील ‘सर्व’ हे विशेषण वर्णनपर नसून दावापर आहे, आणि दाव्याला इतिहास असतो. तो कोणी व कोणत्या गरजेपोटी केला, तो कोठे टिकला आणि कोठे त्यास मुरड घालावी लागली, हे पाहणे इतिहासाभ्यासकाचे काम होय. उत्तर अमेरिकेतील शिकारी व रानवाटांनी हिंडणारे प्रवासी चिखलात ‘भरवशाचे’ वाहन कशास म्हणत आले, ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने प्रस्तुत लेखात हा इतिहास पाहावयाचा आहे. भरवसा ह्या कल्पनेचा अर्थ ह्या काळात तीन वेळा बदलला. आणि त्यांतील मधला बदल अनेकांच्या, विशेषतः मुलांच्या, प्राणांची किंमत देऊन घडून आला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. कॅनडा व अलास्का येथील शेवाळी दलदलीस ‘मस्केग’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीने अल्गॉन्क्वियन कुलातील क्री भाषेकडून घेतला. ज्यांच्या पायांखाली ती भूमी होती, त्यांच्याजवळच तिचे नाव असावे, हे स्वाभाविकच आहे. ह्या प्रदेशात मूस ह्या प्रचंड सांबरवर्गीय प्राण्याची शिकार शरद ऋतूत होते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पुष्कळदा ४०० किलोग्रॅमहून अधिक भरते. शिकार साधली की खरी अडचण सुरू होते. कारण एवढे मांस दलदलीतून पाठीवर अथवा ओझ्याच्या घोड्यावर वाहून आणणे म्हणजे अनेक खेपांचे काम. वाहनाची गरज येथे करमणुकीतून उद्भवलेली नव्हती. (भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे, तेव्हा येथील चर्चा त्या प्रदेशापुरती व तेथील कायद्याने मान्य शिकारीपुरतीच समजावी.)

चिखलात चाक का रुतते, ह्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाले. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मिएचिस्वाव बेकर ह्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूमीवरील गतीची उपपत्ती मांडली. पुढे चंद्रावरील वाहनाच्या चाकांच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. ह्या विचाराचे सार असे : मातीचा प्रतिकार दोन गोष्टींवर अवलंबून असतो, कणांचे परस्परांतील घर्षण व त्यांची चिकटण्याची शक्ती. कोरड्या वाळूत घर्षण प्रधान असते, म्हणून वाहनाचे वजन वाढले की ओढही वाढते. ओल्या चिकणमातीत मात्र घर्षण जवळजवळ नाहीसे होते व चिकटपणा तेवढा उरतो. तेथे वजनाचा उपयोग नाही, चाकाचा भूमीशी होणारा स्पर्श किती विस्तृत आहे ह्यालाच महत्त्व येते. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात भरलेली गाडी घालू नये, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणत्याही सूत्रावाचून ठाऊक असते. त्या अनुभवाचेच हे गणिती रूप होय.

रुंद व मऊ चाक हे ह्या विचाराचे व्यावहारिक उत्तर. अलास्कातील किनारवासी लोक जड होडी फुगवलेल्या कातडी पिशव्यांवरून लोटीत वर आणीत. ते पाहून विल्यम आल्बी ह्यांस अत्यल्प दाबाच्या फुगीर चाकाची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढील काळात सहा फुगीर चाकांची, पाण्यावरही तरंगणारी लहान वाहने उत्तर अमेरिकेत निघाली. ‘अँफिकॅट’ हे त्यांतील एक. परंतु ज्या वाहनाने हा वर्ग घरोघरी पोहोचविला, त्याचा जन्म मात्र निराळ्याच गरजेतून झाला. १९६७ मध्ये होंडा कंपनीच्या अमेरिकन शाखेने जपानमधील अभियंत्यांकडे अशी मागणी केली की, हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावते, तेव्हा त्या ऋतूत विकता येईल असे काहीतरी द्यावे. ओसामु ताकेउची ह्यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी दोनपासून सहा चाकांपर्यंतचे पर्याय विचारात घेतले आणि अखेर तीन चाकांची रचना स्वीकारली. अँफिकॅटच्या चाकांवर प्रयोग करून त्यांनी स्वतःची २२ इंची चाके घडविली. १९७० मध्ये ‘यूएस ९०’ हे वाहन बाजारात आले. त्याचे एंजिन ८९ घनसेंटिमीटरचे व सुमारे सात अश्वशक्तीचे होते, आणि किंमत ५९५ डॉलर होती. त्यास स्प्रिंगांची वेगळी योजना नव्हती. फुगीर चाकेच धक्के सोसीत. पुढे कंपनीने ‘ऑल टेरेन सायकल’ ही संज्ञा आपल्या मालकीची म्हणून नोंदविली. सर्व भूमीवरील दाव्याबरोबर त्या दाव्याच्या शब्दावरही स्वामित्व प्रस्थापित झाले, हे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

ह्या पहिल्या अवस्थेत ‘भरवशाचे’ ह्याचा अर्थ एवढाच होता : जे रुतत नाही व बंद पडत नाही ते. त्या कसोटीस हे वाहन बऱ्याच अंशी उतरले. १९८२ मध्ये आलेल्या ‘बिग रेड’ ह्या तीनचाकी वाहनास ओझ्यासाठी मांडण्या, विजेवर सुरू होणारे एंजिन आणि चिखलपाणी आत शिरू नये अशी बंदिस्त ब्रेकव्यवस्था होती. खेळणे म्हणून आलेली वस्तू आता शेतकऱ्याच्या व शिकाऱ्याच्या कामास लागली.

तथापि तीन चाकांच्या रचनेतच एक दोष दडलेला होता. मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसविलेली असत व डिफरन्शियल नसे; म्हणून वळताना दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरत. वाहन वळवायचे तर स्वाराने अंगाचा भार योग्य वेळी हलवून आतील चाक हलके करावयाचे. हे कौशल्य शिकल्यावाचून येत नाही. आणि वाहनाचे रूप तर असे की, त्यास शिकण्यासारखे काही आहे असे कोणास वाटू नये. मोटारसायकलीच्या सवयीने स्वार पाय खाली टेकी आणि तो मागील चाकाखाली येई. चढावर पुढचे एकटे चाक उचलले जाऊन वाहन स्वाराच्या अंगावर उलटे. १९८० नंतरच्या दशकात शेकडो माणसे अशा अपघातांत दगावली; त्यांत सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण फार मोठे होते. न रुतणारे आणि न बंद पडणारे, म्हणजे जुन्या अर्थाने पूर्ण भरवशाचे, असे हे वाहन होते. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही आपली म्हण निराशेपुरती बोलते. येथे प्रश्न निराशेचा नव्हता, प्राणांचा होता.

अमेरिकेतील ग्राहकवस्तू-सुरक्षा आयोगाने हे प्रकरण न्यायालयात नेले. एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या संमतिनाम्यान्वये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस ह्या उत्पादकांनी नव्या तीनचाकी वाहनांची विक्री थांबविण्याचे, ग्राहकांस प्रशिक्षण देण्याचे आणि ९० घनसेंटिमीटरवरील वाहने सोळा वर्षांखालील मुलांसाठी न विकण्याचे बंधन पत्करले. हा संमतिनामा दहा वर्षांचा होता व १९९८ मध्ये त्याची मुदत संपली. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकी वाहनांच्या आयातीस व वितरणास मनाई केली. येथे भरवशाचा दुसरा अर्थ सिद्ध झाला : यंत्राने काम द्यावे एवढ्याने भागत नाही, स्वाराच्या सामान्य चुकीची शिक्षा त्याने मृत्यूने देऊ नये.

ह्याच सुमारास चार चाकांची रचना रूढ झाली. सुझुकीने १९८३ च्या विक्रीवर्षासाठी चारचाकी वाहन आणले; होंडाचे १९८४ मध्ये व पोलारिसचे १९८५ मध्ये आले. १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना शक्ती पुरविणारे ‘फोरट्रॅक्स’ हे वाहन काढले. चिखलाच्या शास्त्राप्रमाणे ही प्रगती मोठी होती. कारण स्पर्शाचे क्षेत्र चारही चाकांवर उपयोगी पडू लागले. पण चार चाकांनी धोका कमी केला, नाहीसा केला नाही. वाहन अरुंद व उंच असल्याने उतारावर उलटण्याचा संभव राहतोच, आणि फुगीर चाके डांबरी रस्त्यावर बेभरवशाची ठरतात. ‘सर्व’ भूमीतून घट्ट रस्ता हीच भूमी वगळावी लागावी, हा ह्या नावाचा एक विपर्यास होय.

आता निवडीच्या व्यावहारिक अंगाकडे वळू. कारण तेथेही इतिहास दिसतो. पोलारिस ही मिनेसोटा राज्यातील, बर्फावरील वाहने बनविणारी कंपनी. तेथील पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित गतियोजना तिने एटीव्हीत आणली. ही योजना चालविण्यास सुलभ असते. परंतु थंड, कोरड्या हवेत जे निर्वेध चालते ते गढूळ पाण्यात तसेच चालेल असे नाही. पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरले की पट्टा घसरतो व तापून झिजतो. म्हणून चिखलात जाणाऱ्याने त्या पेटीची हवा घेणारी नळी किती उंच आहे, हे प्रथम पाहावे. दात्यांच्या गिअरची योजना पाण्यास कमी भिते, मात्र जड ओझ्यासह संथ चालीत तिच्या क्लचवर ताण पडतो. १९८८ ते २००० ह्या काळात बाजारात असलेले होंडाचे ‘फोरट्रॅक्स ३००’ हे हवेने थंड होणाऱ्या, गिअरच्या, साध्या बांधणीचे वाहन टिकाऊपणाबद्दल नावाजले गेले, ह्याचे कारण हेच की, त्यात बिघडण्याजोग्या गोष्टी थोड्या होत्या. पाण्याने थंड होणारे एंजिन अधिक शक्तिमान असते. पण त्याचा रेडिएटर चिखलाने लिंपला गेला की ते तापते. पुढील आसाच्या सांध्यांवरील रबरी आवरण फाटले तर आत गेलेली रेती थोड्याच दिवसांत सांधा दळून टाकते. खोल दातांचे टायर चिकणमातीत उपयोगी पडतात, परंतु ते जितके मोठे तितका आसावरील भार अधिक. प्रत्येक गुणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जाहिरातीत गुण दिसतो, किंमत दिसत नाही.

भरवशाचा तिसरा अर्थ भूमीच्या बाजूचा आहे. १९७२ मध्येच अध्यक्ष निक्सन ह्यांनी, आणि १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर ह्यांनी काढलेल्या आदेशांनी सार्वजनिक भूमीवरील अशा वाहनांवर नियंत्रण घातले. २००५ मध्ये अमेरिकन वनखात्याने ठराविक वाटांपुरतीच त्यांना मुभा देणारा नियम केला. मस्केगमधील शेवाळाचा थर एकदा चाकांनी उकरला गेला की पाण्याच्या वाटा बदलतात आणि ती जखम भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. ज्या चिकटपणाच्या आधारावर वाहन पुढे जाते, तोच मुळांनी व शेवाळाने धरलेला असतो. चाक गरगरत राहिले तर वाहनाचा आधार आणि भूमीचे आवरण ही दोन्ही एकदमच नाहीशी होतात. म्हणून ज्याचे चाक कमी गरगरते, ते वाहन भूमीच्याही भरवशाचे म्हणावे लागेल.

ह्या विवेचनावरून निवडीचा क्रम उलटा लावावा लागतो, असे दिसून येईल. सामान्यतः ग्राहक एंजिनाच्या शक्तीपासून आरंभ करतो. इतिहास सांगतो की, आरंभ भूमीपासून करावा : माती कोणती, पाणी किती खोल, वाट कायद्याने खुली आहे की नाही. नंतर स्वार : त्याचे वय, शिक्षण, त्याच्याबरोबरचे ओझे. त्यानंतर रचना, आणि सर्वांत शेवटी शक्ती. तीनचाकी वाहनाच्या कर्त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले. दुसरा प्रश्न त्यांच्या नकाशावर पुरेसा नव्हता, आणि त्याचे उत्तर न्यायालयाच्या दारात शोधावे लागले. नावांतील ‘सर्व’ हा शब्द अभ्यासकाने जेथे जेथे भेटेल तेथे असाच तपासावा. तो काय सामावून घेतो हे तो स्वतःच सांगतो. त्याने काय वगळले, हे मात्र अपघातांच्या नोंदींतून व कायद्याच्या कलमांतून शोधून काढावे लागते.